औषधाचं वावडं

मराठीत 'वावडं' हा फार नेमका शब्द आहे. कुणाला वांग्याचं वावडं असतं, कुणाला शेंगदाण्याचं, तर कुणाला गाण्याचंसुद्धा. वस्तू वाईट आहे असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. वांगं आपल्या जागी बरं, माणूस आपल्या जागी बरा, फक्त दोघांचं एकमेकांशी जमत नाही, एवढंच. आपल्या आज्या-पणज्यांना कळलेली ही साधी गोष्ट औषधांच्या बाबतीत वैद्यकशास्त्राला नीट मांडता यायला मात्र १९०६ साल उजाडावं लागलं. आणि मांडल्यानंतरही ती आपल्या अंगवळणी पडली आहे, असं मला वाटत नाही.

हल्ली कुठल्याही दवाखान्यात जा, अगदी दात काढायला जा, एक छापील कागद पुढे येतो. त्यावर प्रश्न असतो : 'कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का?' आमच्या वयाची मंडळी त्याची तीन प्रकारची उत्तरं देतात. पहिलं, 'छे हो, काही नाही,' आणि मग घरी गेल्यावर आठवतं की मागे एकदा गोळी घेतल्यावर ओठ सुजले होते. दुसरं, 'मला सगळी इंग्रजी औषधं गरम पडतात.' आणि तिसरं, 'आमच्या घरात सल्फा चालत नाही.' यातलं एकही उत्तर डॉक्टरच्या फारसं उपयोगी पडत नाही. आणि तरीही त्या एका ओळीवर कधीकधी माणसाचा जीव अवलंबून असतो.

मी शास्त्राची शिक्षिका नव्हे. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे शब्द दिसला की तो कधी आला, कुणी आणला, कशासाठी आणला, हे शोधायची खोड आहे. 'ॲलर्जी' या शब्दामागे गेले, तर एक मोठी गोष्टच हाताला लागली. ती आज सांगते.

सुरुवात घोड्यापासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात घटसर्प हा लहान मुलांचा काळ होता. घशात पडदा धरायचा आणि मूल गुदमरून जायचं. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि त्यांचे जपानी सहकारी शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं की जनावराला थोडं थोडं विष देऊन सरावलं, तर त्याच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार होतो. हा उतारा दुसऱ्याला टोचता येतो. पुढे १८९४ पासून घोड्यांच्या रक्तातून हे औषध मोठ्या प्रमाणावर निघू लागलं. त्याला सीरम म्हणत. मरणाच्या दारातली मुलं परत येऊ लागली. वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल पारितोषिक १९०१ साली बेरिंग यांना मिळालं ते यासाठीच.

पण १८९६ साली बर्लिनमध्येच एक भयंकर गोष्ट घडली. रॉबर्ट लांगरहान्स नावाचे एक नामांकित विकृतिशास्त्रज्ञ होते. घरात संसर्गाची भीती, म्हणून त्यांच्या लहानग्या मुलाला खबरदारी म्हणून हे सीरम टोचलं. मूल धडधाकट होतं. टोचल्यावर काही मिनिटांत ते गेलं. बापाने जाहीरपणे सीरमला दोष दिला. युरोपभर गदारोळ झाला. काहींनी औषध विषारी ठरवलं, काहींनी मृत्यूचं कारणच वेगळं सांगितलं. गंमत... नाही, गंमत कसली, दैवदुर्विलास असा की त्या वेळी कुणाकडेच या गोष्टीला शब्द नव्हता. औषध शुद्ध आहे, तेच औषध हजारो मुलांना वाचवतं आहे, मग याच मुलाला काय झालं? 'औषध वाईट' किंवा 'औषध चांगलं' एवढ्या दोनच खणांत जग मांडलं की तिसरी शक्यता दिसतच नाही.

ती तिसरी शक्यता पहिल्यांदा दिसली ती एका कुत्र्यामुळे. १९०१ सालच्या उन्हाळ्यात मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर आपल्या संशोधन-नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना घेऊन अटलांटिक महासागरात गेले. राजेसाहेबांना समुद्राचा भारी नाद. फायसेलिया नावाचा एक जेलीफिशसारखा दिसणारा जीव असतो, त्याचे धागे अंगाला लागले की माणूस कळवळतो. त्याच्या विषाचा अभ्यास करावा, असं ठरलं. पॅरिसला परतल्यावर फायसेलिया मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलाचं विष घेतलं. विचार असा की कुत्र्यांना थोडं थोडं विष देऊन सरावलं तर ती विष पचवायला शिकतील. बेरिंग यांचाच धडा.

नेपच्यून नावाचा एक दणकट कुत्रा होता. त्याला विषाची छोटी मात्रा दिली, काही झालं नाही. सुमारे तीन आठवड्यांनी तीच छोटी मात्रा पुन्हा दिली. काही सेकंदांत त्याला धाप लागली, उभं राहवेना, रक्ताची उलटी झाली आणि २५ मिनिटांत तो मेला. विष तेच, मात्रा तीच. पहिल्या वेळी काही नाही, दुसऱ्या वेळी मरण. शिकवणीने शरीर सावध व्हायचं ते उलट इतकं बिथरलं की स्वतःलाच मारून मोकळं झालं. ग्रीक भाषेत संरक्षणाला 'फिलॅक्सिस' म्हणतात. त्याच्या उलट म्हणून रिशे यांनी १९०२ मध्ये 'ॲनाफिलॅक्सिस' असा शब्द घडवला. पुढे १९१३ साली त्यांना नोबेल मिळालं.

इकडे व्हिएन्नामध्ये मुलांच्या रुग्णालयात क्लेमेन्स फॉन पिरके आणि बेला शिक हे दोघे डॉक्टर सीरम टोचलेल्या मुलांकडे बारकाईने बघत होते. पहिल्यांदा सीरम दिल्यावर आठ-दहा दिवस काही नसायचं. मग ताप यायचा, अंगावर गांधी उठायच्या, सांधे दुखायचे. तेच सीरम काही काळाने पुन्हा दिलं, तर मात्र हा सगळा प्रकार काही तासांत, कधी काही मिनिटांत सुरू व्हायचा. या निरीक्षणातून त्यांनी १९०५ मध्ये एक पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की हा आजार सीरम करत नाही. शरीर सीरमला जे उत्तर देतं, ते उत्तर म्हणजेच आजार. दुसऱ्या वेळी तो लवकर येतो कारण शरीराला पहिली भेट आठवते. १९०६ साली पिरके यांनी या बदललेल्या वागण्याला नाव दिलं 'ॲलर्जी'. ग्रीक 'आलोस' म्हणजे वेगळं, 'एर्गोन' म्हणजे काम. आपल्याकडे परिभाषा करणाऱ्यांनी त्यासाठी 'अधिहर्षता' हा शब्द काढला. तो पुस्तकातच राहिला. मला विचाराल तर वावडं काय वाईट होतं?

असो. सांगायचा मुद्दा हा की दोष औषधातही नाही आणि माणसातही नाही. दोघांच्या पहिल्या भेटीची आठवण शरीराने जपून ठेवली आहे, आणि ती आठवण विपरीत आहे. 'मागच्या वेळी तर याच गोळीने काही झालं नव्हतं' असं आपण हमखास म्हणतो ना, ते म्हणूनच पुरेसं नाही. मागची वेळ ही कदाचित ओळखपरेडच असते.

ही आठवण शरीरात नेमकी असते कुठे, याचाही शोध लागला. १९२१ साली ब्रेस्लाऊ शहरात हाइन्ट्स क्यूस्टनर नावाच्या डॉक्टरांना माशाचं वावडं होतं. त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनिट्स मासे मजेत खात. प्राउसनिट्स यांनी क्यूस्टनर यांच्या रक्तातला पाण्यासारखा भाग स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तिथे भली मोठी गांधी उठली. म्हणजे वावडं रक्तातून उसनं घेता येतं! ते रक्तातलं द्रव्य सापडायला पुढे पंचेचाळीस वर्षं लागली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहानसन व बेनिक यांनी ते वेगवेगळं शोधलं. १९६८ मध्ये त्याला 'आयजीई' हे नाव मिळालं. हे प्रतिपिंड कातडीत, श्वासनलिकेत, आतड्यात बसलेल्या मास्ट पेशींना चिकटून राहतं, पहारेकऱ्यासारखं. ओळखीचा पाहुणा आला की पेशी फुटल्यासारखी होऊन हिस्टामीन आणि तसलीच द्रव्यं सोडते. मग रक्तवाहिन्या सैलावतात, कातडी सुजते, श्वासनलिका आवळते, रक्तदाब कोसळतो. सगळं एकाच वेळी.

तुम्ही विचाराल, घोड्याचं रक्त किंवा समुद्रफुलाचं विष ठीक आहे, पण एवढीशी गोळी? तिचा रेणू तो केवढा! तर कार्ल लँडस्टायनर (रक्तगट शोधणारे तेच) यांनी १९३५ च्या सुमारास दाखवलं की असे चिमुकले रासायनिक पदार्थ शरीरातल्या प्रथिनांना चिकटतात आणि मग शरीर त्या जोडगोळीला परकं समजतं. पेनिसिलीन असंच करतं.

पेनिसिलीनचं नाव निघालं म्हणजे गोष्ट आपल्या दारात आली. १९२८ मध्ये फ्लेमिंग यांना ते दिसलं, १९४१ मध्ये ऑक्सफर्डला ते माणसाला दिलं गेलं, आणि आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ पासून तयार होऊ लागलं. आमच्या लहानपणी पेनिसिलीन म्हणजे जादू. न्यूमोनियाचं मूल तीन दिवसांत उठून बसायचं. पण १९४९ सालीच अमेरिकेतून पेनिसिलीनच्या ॲनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध झाली होती.

१९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मासिकात या विषयावर एक मोठा लेख आला. त्यात पेनिसिलीनमुळे झालेल्या १५१ मृत्यूंचा तपास होता. आधी धीर देणारा आकडा सांगते : पेनिसिलीन घेतलेल्या एक लाख रुग्णांमागे मृत्यू दीड ते दोन. म्हणजे फारच विरळा. पण पुढचा आकडा वाचून मी थांबले. त्या १५१ पैकी ७० टक्के लोकांनी पेनिसिलीन पूर्वी घेतलेलं होतं, आणि त्यांतल्या एक तृतीयांश लोकांना तेव्हाही अचानक त्रास झाला होता. हिशेब केला तर साधारण ३५ माणसं. या ३५ जणांच्या शरीराने आधी एकदा सांगून ठेवलं होतं. शरीराला आठवत होतं, पण ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं, विचारलं नव्हतं, किंवा विचारलं तेव्हा सांगितलं नव्हतं.

यात आपल्याकडची एक अडचण जुन्या लोकांना लगेच कळेल. आमच्या लहानपणी गावच्या दवाखान्यात कंपाउंडर मिक्श्चर द्यायचा. बाटलीवर मात्रेच्या खुणांची कापलेली कागदी पट्टी चिकटवलेली असायची. गोळ्यांच्या पुड्या असायच्या. नाव? नाव कुठेच नसायचं. लाल औषध, कडू पुडी, पांढरी गोळी, एवढीच आमची फार्माकॉलॉजी. त्रास झाला तरी कशाने झाला हे सांगणार कसं? आज पाकिटावर नाव छापलेलं असतं, पण एकाच औषधाची पन्नास नावं. 'ती निळ्या पाकिटातली गोळी' या पलीकडे आपण अजूनही गेलेलो नाही.

आता प्रत्यक्ष प्रसंग आला तर काय करायचं, त्याचाही इतिहास आहे. १८९४ मध्ये लंडनला जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा अर्क टोचला की रक्तदाब झपाट्याने चढतो हे दाखवलं. १९०१ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या जोकिची ताकामिने यांनी त्यातलं द्रव्य स्फटिकरूपात वेगळं केल्याचं जाहीर केलं. ते ॲड्रेनलीन. सैलावलेल्या रक्तवाहिन्या ते आवळतं, आवळलेली श्वासनलिका मोकळी करतं, मास्ट पेशींनाही आवर घालतं. ॲनाफिलॅक्सिसने जे जे बिघडवलं, ते ते सरळ करणारं हे एकच औषध. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचतात. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, आणि गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा.

हे मुद्दाम सांगते, कारण 'रिॲक्शन आली' म्हटलं की लोकांना ॲव्हिल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन एवढंच आठवतं. ती औषधं वाईट नाहीत. खाज, गांधी कमी करायला चांगलीच आहेत. पण श्वास अडकला असेल, रक्तदाब पडत असेल, तर त्यांच्यावर विसंबून चालत नाही, आधी ॲड्रेनलीन. ब्रिटनमध्ये ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. अन्नामुळे हृदय बंद पडायला मध्यक वेळ ३० मिनिटं, मधमाशी-गांधीलमाशीच्या दंशाने १५, आणि उपचारात दिलेल्या औषधाने ५. पाच मिनिटं म्हणजे रिक्षा मिळेपर्यंतचाही वेळ नाही. इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास इथेच बसा, असं डॉक्टर सांगतात आणि आपण 'भाजी घेऊन येते' म्हणून सटकतो, त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

ओळखायचं कसं? औषध घेतल्यावर थोड्याच वेळात गांधी उठणं, ओठ-जीभ-डोळे सुजणं, आवाज बसणं, छातीत घरघर, पोटात कळा, उलट्या, गरगरणं, घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी. सगळं एकदम दिसलंच पाहिजे असं नाही. गांधी न उठताही रक्तदाब कोसळू शकतो. सलाईन चालू असेल तर ते थांबवायला सांगायचं. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवायचे. धाप लागली असेल तर पाय पसरून बसू द्यायचं, शुद्ध नसेल तर कुशीवर वळवायचं. 'जरा उठून चाल, बरं वाटेल' असं चुकूनही म्हणायचं नाही. आडवा माणूस एकदम उभा केल्याने गेल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. घरी घडलं तर १०८ ला फोन, आणि बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात देखरेखीखाली राहायचं, कारण ही लाट कधीकधी ओसरून पुन्हा येते.

घोड्यावरून गोष्ट सुरू केली होती, तो घोडा आपल्याकडे अजून आहे. सर्पदंशावरची लस त्याच्याच रक्तातून तयार होते, परळच्या हाफकिन संस्थेचं नाव त्यासाठी आपण ऐकत आलो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा २०२० मधला अंदाज आहे. ही लस घोड्याच्या प्रथिनांची, म्हणजे वावड्याचा धोका आलाच. म्हणून पूर्वी आधी कातडीत थोडी टोचून 'टेस्ट' बघत. आता भारतातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सर्पदंशात अशी टेस्ट करू नये. तिच्यावरून कुणाला त्रास होईल ते कळत नाही, आणि वेळ मात्र जातो. त्याऐवजी ॲड्रेनलीन भरून हाताशी ठेवायचं आणि लस द्यायची. श्रीलंकेत १,००७ सर्पदंश रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीआधी ॲड्रेनलीनची छोटी मात्रा दिल्यावर पहिल्या तासातल्या तीव्र प्रतिक्रिया ४३ टक्क्यांनी घटल्या. तिथेच तपासलेली ॲलर्जीची नेहमीची दोन औषधं मात्र उपयोगी ठरली नाहीत. गावाकडच्या मंडळींनी एवढं लक्षात घ्यावं : लसीची रिॲक्शन उलटवता येते, मण्यारीचं विष लसीवाचून थांबत नाही. भीतीपायी लस नाकारू नये.

सगळीच वावडी मात्र अशी झटपट नसतात. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टीव्हन्स आणि जॉन्सन या डॉक्टरांनी दोन मुलांचं वर्णन लिहिलं. ताप, अंगभर चट्टे, तोंड आणि डोळे सोललेले. या आजाराला आज त्यांचंच नाव आहे, आणि तो बहुधा औषधामुळे होतो. तो काही दिवसांनी, आठवड्यांनी येतो, आणि त्यात आयजीईचा संबंध नसतो. फिट्सवर देतात त्या कार्बामॅझेपीनबद्दल तैवानमध्ये २००४ साली एक विलक्षण गोष्ट आढळली : या औषधाने तसा आजार झालेल्या ४४ पैकी ४४ रुग्णांत एकच विशिष्ट जनुक-प्रकार होता. औषध सोसणाऱ्यांमध्ये तो ३ टक्क्यांतच होता. २००९ च्या एका लहान भारतीय अभ्यासात ८ पैकी ६ रुग्णांत तो सापडला. ही चाचणी आता करता येते. नवं औषध सुरू केल्यावर ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी हुळहुळी, असं काही दिसलं तर औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि ज्याला हा आजार एकदा झाला, त्याने ते औषध पुन्हा कधीही, चाचणी म्हणूनसुद्धा, घ्यायचं नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर गोष्ट अर्धी राहील.

आमच्या एका आत्याला फार वर्षांपूर्वी कसल्याशा गोळ्यांनी अंगभर गांधी उठल्या. गोळ्या 'सल्फाच्या असाव्यात' असं कुणीतरी म्हणालं. पुडीवर नाव नव्हतंच. आत्याबाई पुढे ऐंशी वर्षं जगल्या. पण तेव्हापासून आमच्या घराण्यात 'सल्फा चालत नाही' हे कुलाचारासारखं चालत आलं. आता तिसऱ्या पिढीतली, परदेशी राहणारी भाचवंडंही दवाखान्याच्या कागदावर तसं लिहितात. त्यांतल्या एकानेही सल्फाची गोळी आयुष्यात पाहिलेली नाही! मामी म्हणते, 'लिहिलं तर बिघडतं काय? खबरदारी बरी.'

बिघडतं. पेनिसिलीनचं उदाहरण घ्या, कारण त्याचा सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे. अमेरिकेत सुमारे १० टक्के लोकांच्या कागदांवर पेनिसिलीनची ॲलर्जी लिहिलेली असते. त्यांना रीतसर तपासलं तर दहातल्या नऊ जणांना ते खुशाल चालतं. कुणाला नुसतं पोट बिघडलेलं असतं. तो दुष्परिणाम, वावडं नव्हे. कुणा मुलाला तापातला विषाणूचा पुरळ आलेला असतो आणि खापर औषधावर फुटलेलं असतं. आणि ज्यांना खरोखर होती, त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांची दहा वर्षांत विरून जाते. शरीरही विसरतं, बरं का. कागद मात्र विसरत नाही.

आणि मग अशा माणसाला साध्या, खात्रीच्या औषधाऐवजी दुसरंच, जास्त जहाल औषध मिळतं. ब्रिटनमधल्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला. पेनिसिलीनची ॲलर्जी लिहिलेल्यांत औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसए जंतूच्या संसर्गाचं प्रमाण ६९ टक्क्यांनी, तर आतड्याच्या एका वाईट संसर्गाचं २६ टक्क्यांनी जास्त होतं. आपल्याकडे संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. भीतीने ते सुटलं तर झडप आणखी खराब होते. ११ देशांतल्या अशा १,७९० रुग्णांचा अभ्यास १९९१ मध्ये छापला गेला. ३२,४३० इंजेक्शनांमध्ये ५७ जणांना ॲलर्जी, ४ जणांना ॲनाफिलॅक्सिस, एक मृत्यू. त्या एकाच्या घरच्यांसाठी तो आकडा एक नसतो, हे मला कळतं. म्हणूनच ॲड्रेनलीन हाताशी ठेवून इंजेक्शन द्यायचं. पण इंजेक्शनच टाळलं तर किती मुलांचं हृदय जाईल, तेही त्याच तराजूत घालायला हवं.

जुना शिक्का पुसताही येतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचा पूर्वीचा त्रास सौम्य वाटत होता अशा ३७७ लोकांचे दोन गट केले. एका गटाला आधी कातडीची चाचणी करून, दुसऱ्याला थेट देखरेखीखाली पेनिसिलीन तोंडाने दिलं. दोन्ही गटांत त्रास झाला तो एकेकालाच. पण हे काम डॉक्टरांचं, रुग्णालयात बसून करायचं. घरी 'बघू तरी घेऊन' असला पराक्रम कुणी करू नये. आणि घराण्याचं म्हणाल, तर काकाला किंवा आत्याला पेनिसिलीनची ॲलर्जी होती एवढ्यावरून ते औषध आपल्याला वर्ज्य ठरत नाही. स्टीव्हन्स-जॉन्सनसारखा आजार नात्यात झाला असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगावी. बाकीचं कुलाचारात घालू नये.

म्हणजे चूक दोन्हीकडून होते. त्या ३५ जणांच्या बाबतीत शरीराला आठवत होतं आणि माणसं विसरली. आमच्या घरात बहुधा आत्याचं शरीर केव्हाच विसरलं असेल, आणि माणसं धरून बसली आहेत. दोन्हींवर उपाय एकच आहे, आणि तो शिक्षकाला शोभेसा आहे : नीट लिहून ठेवणं.

'पेनिसिलीन ॲलर्जी' एवढं लिहिणं म्हणजे परीक्षेत एका शब्दात उत्तर. त्याला अर्धाही गुण नाही. असं लिहा : 'ॲमॉक्सिसिलीन. मार्च २०१९. पहिल्या गोळीनंतर वीस मिनिटांनी अंगभर गांधी, ओठ सुजले, श्वासाला त्रास नाही. इंजेक्शन द्यावं लागलं. त्यानंतर अमुक अँटिबायोटिक घेतलं, त्याने काही झालं नाही.' यात औषधाचं मूळ नाव आहे (पाकिटावर बारीक अक्षरात असतं, चष्मा लावा), साल आहे, किती वेळाने झालं ते आहे, नेमकं काय झालं आणि काय उपचार करावे लागले ते आहे, आणि नंतर काय चाललं तेही आहे. पाच ओळींत डॉक्टरला झटपट की सावकाश, खरं की खोटं, हलकं की भारी, हे सगळं ताडता येतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरीन यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या विसरू नका, त्यांचंही वावडं पुष्कळांना असतं. हा कागद पाकिटात ठेवा, एक प्रत घरच्यांकडे, एक मोबाईलमध्ये फोटो काढून. बोलता येत नसेल तेव्हा पाकीट बोलेल.

यंदा दिवाळीत सगळे जमतील तेव्हा मी एक वही घेऊन बसणार आहे. प्रत्येकाचं एक पान. काय घेतलं, केव्हा घेतलं, काय झालं. आत्याच्या पानावर 'औषधाचं नाव माहीत नाही' असं स्पष्ट लिहिणार आहे, आणि ते पान तिचंच राहील, दुसऱ्या कुणाच्या खात्यावर चढणार नाही. ज्यांना आजवर कशाचाच त्रास झाला नाही त्यांनीही फराळ सोडून पाच मिनिटं यावं. 'काही नाही' हेसुद्धा तारीख घालून लिहून ठेवायचं असतं.